कापडी टपाखालचा कोलाहल: जुनी कन्व्हर्टिबल गाडी शांत कशी करावी

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदा कंपनीने दोन आसनांची, कापडी टपाची एक छोटी गाडी लोकांसमोर आणली. अमेरिकेत ती मियाटा, युरोपात एमएक्स-५ आणि जपानात युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. या पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७ पर्यंत चालले आणि तेवढ्या काळात चार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या पुष्कळ आजही अमेरिका-इंग्लंडच्या रस्त्यांवर धावत आहेत, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींतही सुट्टीच्या दिवसाची दुसरी गाडी म्हणून ती हौसेने बाळगणारे भेटतात. पहिली नवलाई ओसरली की तक्रार मात्र एकच असते: ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागते.

यावर बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला असतो. डॅम्पिंग शीटचा, म्हणजे पत्र्याची थरथर शमवणाऱ्या चिकट पट्ट्यांचा गठ्ठा मागवायचा, आसने आणि गालिचा काढायचा आणि गाडीच्या तळाचा सगळा पत्रा चंदेरी करून टाकायचा. यात अख्खा शनिवार-रविवार खर्ची पडतो, जेमतेम ९५०-१००० किलोच्या गाडीचे वजन वाढते आणि महामार्गावर गेल्यावर फरक जवळजवळ जाणवत नाही. शीट निरुपयोगी असतात असे नव्हे, पण हा उपाय रांगेत शेवटचा असायला हवा. आधी फटी, मग काचा, मग टायर, आणि उरलेच तर वजन व अस्तर हा क्रम का योग्य ठरतो, ते समजण्यासाठी आवाजांची बेरीज कशी होते ते आधी पाहावे लागेल.

आवाजांची बेरीज

डेसिबल हे माप साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबलने पातळी वाढली म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ३ डेसिबल म्हणजे ऊर्जा दुप्पट, पण कानाला तेवढा फरक नुसता 'जाणवतो'. १ डेसिबलचा फरक तर मुद्दाम लक्ष दिल्याशिवाय कळतही नाही.

समजा, एका वेगाला गाडीत वाऱ्याचा आवाज ७५ डेसिबल आणि टायर-रस्त्याचा आवाज ७२ डेसिबल आहे. दोन्ही मिळून होतात सुमारे ७६.८. आता भरपूर खटपट करून तुम्ही रस्त्याचा आवाज ५ डेसिबलने कमी केला, तर एकूण आवाज उतरतो ७५.६ वर, म्हणजे हाती लागला जेमतेम १ डेसिबल. तीच ५ डेसिबलची कपात वाऱ्याच्या आवाजात केली असती, तर एकूण आवाज ७४.१ वर आला असता. जो आवाज मोठा आहे त्याला हात घातल्याशिवाय लहान आवाजावर केलेला खर्च वाया जातो, तो असा.

मोठा कोणता, हे वेगावर ठरते. टायरच्या आवाजाची ऊर्जा वेगाच्या तिसऱ्या-चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. गाडीच्या कडा, आरसे आणि खांब यांवरून फाटत जाणाऱ्या वाऱ्याच्या आवाजाची ऊर्जा मात्र साधारण सहाव्या घाताने वाढते. वेग १०० वरून १२० वर नेला तर टायरचा आवाज अडीच-तीन डेसिबलने वाढतो, वाऱ्याचा जवळजवळ पाच डेसिबलने. शहरात टायर बोलतात आणि महामार्गावर वारा त्यांना गप्प करतो. जुन्या कापडी टपाच्या गाडीत तर हे पारडे बंद टपाच्या गाडीपेक्षा लवकर फिरते.

आपल्या गाडीत कोणता आवाज वरचढ आहे, हे तपासणे कठीण नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर काही क्षण गिअर न्यूट्रलमध्ये टाकला की इंजिनाचा वाटा बाजूला पडतो. डांबरी रस्त्यावरून सिमेंट काँक्रीटवर गाडी गेल्यावर आवाजाचा पोत लक्षणीय बदलत असेल, तर टायरचा हिस्सा मोठा आहे. उलट, वेग तोच असताना समोरून वारा असलेल्या दिवशी आणि पाठीमागून वारा असलेल्या दिवशी फरक पडत असेल, तर मामला वाऱ्याचा आहे. मोबाइलवरचे ध्वनिमापक अॅप अचूक आकडा सांगत नाही, पण तुलनेला ते पुरेसे असते. अट एवढीच की रस्ता, दिशा, वेग, टायरमधली हवा आणि मोबाइल ठेवण्याची जागा प्रत्येक वेळी तीच हवी. शिवाय कानाच्या संवेदनेशी जुळवलेल्या 'ए' मापनात खालच्या पट्टीतली घरघर जवळजवळ मोजलीच जात नाही. डोके उठवणारा घुमारा पकडायचा असेल तर अॅपमध्ये 'सी' मापन निवडावे.

फट ही सर्वांत महाग

ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब साधारण ४६० पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भार एवढा असतो. समोरच्या काचेच्या खांबाला वळसा घालून हवा बाजूच्या खिडकीवरून जाते तेव्हा तिचा वेग वाढतो आणि तिथला दाब आतल्या दाबापेक्षा कमी होतो. त्यामुळे बाजूच्या काचा आणि टप बाहेरच्या दिशेने ओढले जातात. बंद टपाच्या गाडीत काचेला दाराची चौकट धरून ठेवते. एमएक्स-५ च्या दाराला वर चौकटच नाही. काच नुसती टपाच्या रबरावर टेकते. वेग वाढला की ती किंचित बाहेर झुकते, रबर सुटते, आणि आतली हवा त्या फटीतून शिटी वाजवत बाहेर पडू लागते. गाडी गॅरेजात उभी असताना मेकॅनिकने बीडिंग, म्हणजे कडेचे रबर, कितीही न्याहाळले तरी त्याला काही सापडत नाही, ते यामुळेच. दोष ताशी ९० च्या पुढेच जन्माला येतो.

फट दोन प्रकारे त्रास देते. एक म्हणजे बाहेरचा आवाज तिच्यातून थेट आत येतो. दार आणि काच मिळून एक चौरस मीटरचा भाग धरला आणि तो आवाज ३० डेसिबलने अडवतो असे मानले, तर अर्धा मीटर लांब आणि दोन मिलिमीटर रुंद अशी एकच फट, म्हणजे एकूण क्षेत्रफळाचा हजारावा हिस्सा, ही अडवणूक २७ डेसिबलवर आणते. एक टक्का भाग उघडा राहिला तर ती २० डेसिबलच्याही खाली येते, मग बाकीचा भाग शिशाचा का असेना. दुसरा त्रास अधिक बोचरा आहे: फटीतून जोराने जाणारी हवा स्वतःच आवाज निर्माण करते, आणि तोही वरच्या पट्टीतला, फुसफुसणारा. माणसाच्या बोलण्यातली 'स', 'श', 'त', 'क' ही व्यंजने ज्या पट्टीत ऐकू येतात, नेमकी तीच पट्टी हा आवाज व्यापतो. मापकावर तो फार मोठा दिसला नाही तरी संभाषण अशक्य होते.

शोधायचे कसे? कागद चिकटवण्याची साधी मास्किंग टेप हे यातले सर्वांत विश्वासू अवजार आहे. टपाची पुढची कड, समोरच्या काचेचा खांब, बाजूच्या काचेची वरची आणि मागची कड, आरशाच्या बैठकीभोवतीचा सांधा हे सगळे प्रवासी बाजूने बाहेरून टेपने बंद करावे आणि नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने एक फेरी मारावी. आवाज स्पष्टपणे उतरला, तर गुन्हेगार त्या टेपखालीच आहे. मग एकेक तुकडा सोलत जावे. ज्या तुकड्यानंतर फुसफुस परत आली, ती जागा सापडली. चालकाच्या बाजूला हाच प्रयोग करताना आत बसल्यावर दुसऱ्याकडून काचेच्या फक्त वरच्या कडेला टेप लावून घ्यावी, आणि दार आतून ढकलताच ती फाटते याची निघण्याआधी खात्री करून घ्यावी. रुंद, चिवट टेप इथे कधीही वापरू नये.

टेप जागा सांगते, कारण सांगत नाही. त्यासाठी काचेच्या कडेला टाल्कम पावडरचे बोट फिरवावे, दार बंद करावे, उघडावे आणि रबरावर उमटलेली पांढरी रेघ पाहावी. रेघ सलग आणि सारख्या जाडीची असेल तर काच नीट टेकते आहे. जिथे ती पुसट होते किंवा तुटते, तिथे काच आणि रबर यांची भेटच होत नाही. एमएक्स-५ मध्ये ही रेघ बहुधा एका ठरावीक कोपऱ्यात तुटते: टपाची पुढची कड, खांबाचे रबर आणि खिडकीवरचे रबर अशी तीन वेगवेगळी रबरे जिथे एकत्र येतात तिथे. तीन तुकड्यांचे टोक एकमेकांना भिडलेले असणे अपेक्षित असते, पण तीस वर्षांत रबर आखडते आणि मधे करंगळीचे नख शिरेल एवढी पोकळी राहते. महामार्गावरचा निम्मा कलकलाट या नखाएवढ्या जागेतून आलेला मी पाहिला आहे.

काच, रबर आणि खटके

सापडलेली फट बुजवताना सोपे ते आधी करावे. टप समोरच्या काचेच्या चौकटीला दोन खटक्यांनी अडकतो. वर्षानुवर्षांच्या वापराने टपाचे कापड सैल होते आणि खटक्यांची पकड ढिली पडते. त्यांचा ताण कमीजास्त करता येतो. बंद करताना हाताला स्पष्ट जोर लागावा, पण दोन्ही हातांनी लोंबकळण्याची वेळ येऊ नये, इतपत तो असावा.

रबरांच्या बाबतीत लोक घाई करतात. सगळी रबरे नवी घेण्याआधी जुनी साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन, वाळवून त्यांना सिलिकॉन ग्रीस चोळून पाहावे. ही रबरे ईपीडीएम जातीची असतात; ऊन-पावसाला ती दाद देत नाहीत, मात्र खनिज तेलाने फुगतात आणि खराब होतात. म्हणून व्हॅसलीन, इंजिन ऑइल किंवा गंज सोडवणारा फवारा त्यांच्या जवळपासही नेऊ नये. पुष्कळ रबरे मरत नाहीत, फक्त दबून बसतात. आतून पोकळ असलेल्या दबक्या रबरात फोमची बारीक दोरी सारून ते पुन्हा फुगवता येते; हा जुगाड आहे खरा, पण चांगला जुगाड आहे. खिडकीवरची रबरे धातूच्या पट्ट्यांत बसवलेली असतात, आणि त्या पट्ट्यांचे स्क्रू सैल केले की त्या किंचित आतबाहेर सरकवता येतात. दोन मिलिमीटर सरकवल्याने जे साधते ते पुष्कळदा नव्या रबरानेही साधत नाही, कारण नवे रबरही चुकीच्या जागी बसवले तर चुकीच्याच जागी बसते.

त्यानंतर काच. दाराचे पॅड उघडल्यावर काच किती वर जाते आणि वरून किती आत झुकते हे दोन्ही ठरवणारे बोल्ट हाती लागतात. वेगाला काच बाहेर ओढली जाणार हे गृहीत धरून ती उभ्या गाडीत रबरावर थोडी दाबूनच बसवावी लागते. मात्र अति झाले की दुसरे दुखणे सुरू होते. अलीकडच्या चौकटविरहित दाराच्या गाड्यांत मूठ ओढताच काच आपोआप एखादा सेंटिमीटर खाली उतरते आणि दार लागल्यावर पुन्हा वर चढते. या जुन्या गाडीत तशी सोय नाही. त्यामुळे जास्त दाबलेली काच दार लावताना दर वेळी रबराला घासत जाते आणि काही महिन्यांत त्याचे ओठ फाडून टाकते. शिवाय काच वर नेणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो, आणि या गाडीच्या विद्युत काचा आधीच सावकाश चढण्याबद्दल प्रसिद्ध आहेत.

पॅड उघडलेच आहे तर त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद पाहून घ्यावा. दारात शिरणारे पावसाचे पाणी आतल्या बाजूला येऊ नये यासाठी तो चिकट बुटाइल पट्टीने लावलेला असतो. आधीच्या कुणीतरी स्पीकर बदलताना तो फाडून तसाच सोडलेला असण्याची शक्यता दाट असते. दार खालून पोकळ आणि निचऱ्याच्या भोकांनी उघडे असल्याने तो कागद नसणे म्हणजे रस्त्याचा आवाज आणि ओल या दोघांनाही मोकळे रान देणे. नवा जाड प्लॅस्टिक कागद आणि नवी बुटाइल पट्टी यांना खर्च क्षुल्लक येतो.

कापडाची मर्यादा

फटी बंद झाल्या की उरतो तो टपातूनच आत येणारा आवाज, आणि इथे निसर्गनियमाशी गाठ पडते. एखादा पडदा आवाज किती अडवेल हे मुख्यतः त्याच्या दर चौरस मीटर वजनावर ठरते. वजन दुप्पट केले की अडवणूक सुमारे ६ डेसिबलने वाढते, आणि ध्वनीची कंपनसंख्या दुप्पट झाली तरीही तेवढीच वाढते. चार मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला १० किलो भरते, गाडीच्या टपाचा पत्रा सहा किलोंच्या आसपास, आणि टपाचे कापड किंवा व्हिनाइल फार तर एक-सव्वा किलो. या हिशेबाने १००० हर्ट्झला काच ३३ डेसिबल अडवते तर कापड १५ देखील नाही. २५० हर्ट्झला कापडाची अडवणूक दोन-तीन डेसिबलवर येते. म्हणजे शेजारून जाणाऱ्या मालट्रकच्या घरघरीपुरते डोक्यावर छप्पर नाहीच असे समजायला हरकत नाही.

यावर तीन पायऱ्यांचे उपाय आहेत. पहिली पायरी मागच्या खिडकीची. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ला मागे झिपने उघडणारी लवचीक प्लॅस्टिकची खिडकी असते. १९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीत तिथे तापवता येणारी काच आली, आणि तो काचेचा टप जुन्या गाडीवरही बसतो. टप बदलायची वेळ आलीच असेल तर हाच घ्यावा: काच जड असते, झिपची गळकी शिवण जाते आणि टप दुमडण्याआधी खिडकी उघडण्याची कटकटही संपते. दुसरी पायरी अस्तराची. मूळ टपाला आतून अस्तर नाही. आतल्या बाजूने कापडाचा आणि पातळ फोमचा दुसरा थर लावला की दोन थरांमधल्या हवेमुळे वरच्या पट्टीतला आवाज बराच मऊ होतो. महागड्या जर्मन कन्व्हर्टिबल गाड्यांचे टप शांत वाटतात ते अशाच अनेक थरांमुळे. पण थर जाड झाला तर टप नीट दुमडत नाही, आणि दुमडताना सांगाड्याच्या कमानींमध्ये चिमटून कापडच फाटते. तिसरी पायरी म्हणजे वेगळा मिळणारा कडक टप. तो सुमारे २० किलोचा असतो, दोघांनी उचलून बसवावा लागतो आणि हिवाळ्यापुरती गाडी जवळजवळ बंद कूपेसारखी होते. मूळ कंपनीच्या जुन्या कडक टपांचे भाव मात्र आता डोळे पांढरे करणारे आहेत, आणि केवळ आवाजासाठी तेवढे पैसे घालावेत असे मला वाटत नाही.

हाच हिशेब आपल्याकडच्या हूडच्या गाड्यांनाही लागू पडतो. मारुती जिप्सी किंवा कापडी हूडची महिंद्र थार यांत खरा गोंगाट हूडच्या सैल कडा फडफडण्याचा असतो, आणि दर चौरस मीटरला काही किलो ओढ घेणारा वारा तो फडफडाट वेगासोबत वाढवत नेतो. तिथे अस्तरापेक्षा पट्टे, बटणे आणि झिपा घट्ट करण्यातूनच जास्त पदरात पडते.

रस्त्याचा आवाज

वारा आटोक्यात आला की टायर ऐकू येऊ लागतात. यात गैर काही नाही. आधीही ते तेवढेच बोलत होते. पहिल्यांदा टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का पाहावा. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला आहे. सुट्टीपुरत्या वापराच्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात: नक्षी भरपूर दिसते, पण रबर कडक झालेले असते आणि कडक रबर रस्त्याची प्रत्येक खडी आत सांगते. दहा वर्षांचा टायर आवाजासाठी नव्हे, तर ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी बदलायलाच हवा. नक्षीच्या कडांवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवून पाहावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले आहे आणि तो 'वूं-वूं' आवाज त्या दातऱ्यांचा आहे.

मग हवा. या गाडीसाठी माझदाने २६ पीएसआय दाब सांगितला आहे. हल्लीच्या गाड्यांच्या सवयीने लोक ३२-३५ भरून टाकतात, आणि मग हलकी गाडी रस्त्यावर टणटण उडू लागते. एक पैही खर्च न होणारा हा उपाय आहे. नवे टायर घेताना युरोपातल्या लेबलवर आवाजाचा डेसिबल आकडा छापलेला असतो. तो उपयोगी आहे, पण तो रस्त्याकडेला उभ्या माणसाला ऐकू येणारा आवाज आहे, आत बसलेल्याला नव्हे. टायरच्या पोकळीतली हवाही स्वतःच्या सुरात घुमते. या गाडीच्या मूळ १८५/६० आर १४ मापाच्या टायरमध्ये तो सूर साधारण २३५ हर्ट्झला येतो, आणि खड्ड्याच्या कडेवरून जाताना 'टंग' असा जो पोकळ नाद येतो तो त्याचाच.

एका दिशेला वळताना वाढणारी आणि दुसऱ्या दिशेला वळताना कमी होणारी गुणगुण ऐकू आली, तर टायरला दोष न देता चाकाचे बेअरिंग तपासून घ्यावे.

तळातल्या फटी टपाच्या फटींइतक्याच घातक असतात आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. गिअरच्या दांड्याभोवती दोन रबरी बूट असतात, एक वर आणि एक खाली. खालचा फाटला की गिअरबॉक्सची खरखर, एक्झॉस्टची उष्णता आणि थोडा तेलाचा वासही सरळ मांडीजवळ येतो. उन्हाळ्यात दोन आसनांमधला, गिअरबॉक्सवरचा उंचवटा असह्य तापतो अशी तक्रार असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा हे बूटच निघतात. जुना अलार्म किंवा ऑडिओ काढून टाकल्यावर इंजिनाकडच्या पत्र्यात राहिलेली उघडी भोकेही रबरी बुचांनी बंद करावीत.

ठरावीक वेगालाच डोक्यात घुमणारा आवाज हा प्रकार वेगळा. पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला हे इंजिन मिनिटाला सुमारे ३,३०० फेरे घेते. चार सिलिंडरच्या इंजिनात त्यातून ११० हर्ट्झचा सूर तयार होतो. आधीच्या मालकाने हौसेने मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला असेल तर हा सूर शीटने किंवा अस्तराने मरणार नाही. मूळ सायलेन्सर परत बसवणे हाच उपाय.

इतके झाल्यावर डॅम्पिंग शीटकडे वळावे. इथे तीन वेगळ्या कामांची गल्लत होते. बुटाइल आणि अॅल्युमिनियमची शीट पत्र्याची थरथर शमवते. जड व्हिनाइलचा पडदा वजनाने आवाज अडवतो. फोम किंवा नमदा आतला आवाज शोषतो. एकीने दुसरीचे काम होत नाही. शीट किती लावावी याची परीक्षा बोटाच्या पेराने पत्रा वाजवून होते: 'टण' आवाज आला तर लावावी, 'ठक' आला तर पुढे जावे. पत्र्याच्या मध्यावर पाव ते एक-तृतीयांश भाग झाकला तरी थरथर पुरेशी शमते; सगळा पत्रा मढवण्याने वजनाखेरीज फारसे काही वाढत नाही. एमएक्स-५ मध्ये दाराचा बाहेरचा पत्रा, आसनांमागचा आडवा कट्टा आणि डिकीतल्या मागच्या चाकांवरच्या कमानी या जागा सर्वाधिक परतावा देतात, कारण मागची चाके चालकाच्या कानापासून जेमतेम हातभर अंतरावर असतात. छपराच्या गळतीवर लावायची स्वस्त डांबरी पट्टी वापरण्याचा मोह टाळावा; उन्हात ती पाझरते आणि वास महिनोन् महिने जात नाही.

शीट चिकटवण्याआधी एक काम मात्र चुकवू नये. टपावरचे पाणी मागच्या पन्हळीतून आसनांमागे दोन्ही बाजूंच्या नळ्यांत उतरते आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडते. या नळ्या पाचोळ्याने तुंबतात, पाणी गालिच्याखाली आणि दाराखालच्या उंबऱ्याच्या पोकळीत साचते, आणि या गाडीचा कुप्रसिद्ध गंज तिथूनच सुरू होतो. ओल्या पत्र्यावर शीट आणि नमदा घालणे म्हणजे गंजाला पांघरूण घालणे होय. नळ्या मऊ प्लॅस्टिकच्या दोरीने साफ कराव्यात, पाणी ओतून पाहावे आणि दाराच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोके कुठल्याही थराखाली झाकली जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

टप उघडा असताना

टप उघडल्यावर शांततेची अपेक्षा कुणी करत नाही, पण वाऱ्याचा मारा कमी करता येतो. समोरच्या काचेच्या वरच्या कडेवरून हवा उडी मारते, आसनांच्या मागे खाली कोसळते आणि तिथून उलटी फिरून पुढे, चालकाच्या मानेवर आणि कानांवर येते. समोरून वारा लागतो असे वाटते तेव्हाही तो बहुतेक मागूनच आलेला असतो. म्हणून आसनांमागे उभा केलेला जाळीचा पडदा एवढा परिणामकारक ठरतो. मर्सिडीजने १९८९ मध्ये आपल्या नव्या एसएल गाडीसाठी असा पडदा आणला, आणि पुढे तो प्रकार सगळीकडे रुळला. जाळीतून थोडी हवा पार होते, त्यामुळे पडदा थरथरत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची पाटी वारा जास्त अडवते, मात्र पक्की बसवली नाही तर स्वतःच खडखडते. बाजूच्या काचा वर ठेवल्याने फरक आणखी वाढतो. उंच माणसाचे डोके काचेच्या कडेच्या रेषेत येत असेल तर आसनाच्या गादीतला थोडा फोम काढून दोन-तीन सेंटिमीटर खाली बसण्याची युक्ती मियाटाप्रेमींत फार जुनी आहे, आणि ती खरोखर लागू पडते.

टप बंद ठेवून एकच काच अर्धी उघडली की कानात 'धप-धप' असे दडपण येते. गाडीतली सगळी हवा एकाच वेळी सेकंदाला पंधरा-वीस वेळा आतबाहेर होत असते. दुसऱ्या बाजूची काच बोटभर उघडली की ते लगेच थांबते.

कानांचा प्रश्न हौसेच्या पलीकडचा आहे. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेने सुरक्षिततेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी घातली आहे, आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मी होते. टप उघडून महामार्गाच्या वेगाने जाताना ९० च्या आसपासची पातळी सहज भरते. ९१ ला ही वेळ दोन तास उरते आणि ९४ ला एकच तास. दिवसभराच्या प्रवासात महामार्गाचा टप्पा टप लावून आणि घाटाचा, गावाकडचा टप्पा टप उघडून करावा, कारण ताशी ६० ला वाऱ्याची ऊर्जा १०० च्या मानाने विसाव्या हिश्श्याहूनही कमी असते.